बिभीषणचा हेडफोन

बिभीषण सोरमारे चितेगावच्या एका कारखान्यात प्रेसशॉपला कामाला होता. गाड्यांना लागणारे पत्र्याचे लहानमोठे भाग तिथं ठोकून काढत. पैठण रोडनं जाताना त्या कारखान्याची भिंत दिसते, आतला आवाज मात्र रस्त्यावर येत नाही. तो सगळा आतच राहतो.

त्याचं मूळ गाव सोयगाव तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. वडील सांडू मेंढरं राखायचे. शाळा सुटली की बिभीषण मेंढरांमागं जायचा, आणि खांद्याला वडिलांचा रेडिओ असायचा. तिथं जळगाव केंद्र स्वच्छ लागायचं. गाण्यांचा कार्यक्रम संपून सनई, सतार असं काही सुरू झालं की बाकीची पोरं केंद्र बदलायची. बिभीषणच्या रेडिओचं बटण मोडलेलं होतं, ते फिरवायला चिमटा लागायचा, म्हणून तो तसाच चालू ठेवायचा. ऐकता ऐकता त्याला ते आवडायला लागलं. राग कोणता, वाजवणारा कोण, हे त्याला तेव्हाही कळत नव्हतं आणि पुढंही त्यानं कधी विचारलं नाही.

आयटीआय करून तो चितेगावला लागला. रत्नमालाशी लग्न झालं. कारखान्याच्या मागच्या वस्तीत त्यांनी भाड्यानं खोली घेतली. दोन हजार बारा साली पाऊस गेला तेव्हा सांडूंनी मेंढरं बाजारात काढली आणि ते थोरल्या मुलाकडं राहायला गेले. बिभीषणनं त्यांना चितेगावला बोलावलं होतं. ते म्हणाले, "तिथं येऊन मी काय राखू?" आणि आले नाहीत.

त्याच हिवाळ्यात बिभीषणच्या मोबाइलची हेडफोन लावायची पिन बिघडली. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता तो गाणी ऐकायचा, म्हणून ती दुरुस्त करून घ्यायला तो रविवारी शहरात गेला. शहर म्हणजे आत्ताचं छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचं औरंगाबाद. पैठण गेटजवळ एका बोळात रिझवानचं दुकान होतं.

रिझवानच्या वडिलांचं पूर्वी शहागंजात कॅसेटचं दुकान होतं. कॅसेटचा जमाना गेला, दुकानही गेलं. रिझवान मोबाइलची कव्हरं, चार्जर, काचेवर चिकटवायचे कागद विकायचा. पोट त्यावर चालायचं. पण मागच्या बाजूला एका काचेच्या कपाटात तो वेगळाच माल ठेवायचा. गाणी ऐकायचे लहान प्लेअर आणि भारीतले हेडफोन. ते फारसे खपत नसत. वडिलांच्या दुकानातल्या उरलेल्या कॅसेटी त्यानं एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या आणि दुकानात दिवसभर त्यातलंच काहीतरी हळू आवाजात चालू असायचं.

बिभीषण गेला तेव्हा सनई चालू होती. पिन बसवून झाली, पैसे देऊन झाले, तरी तो जाईना.

रिझवाननं विचारलं, "और कुछ पाहिजे?"

"नाय. हे संपू द्या, मग जातो."

रिझवाननं त्याच्याकडं नीट पाहिलं. मग कपाटातून स्वतःचा हेडफोन काढला, प्लेअरला जोडला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. तीच सनई पुन्हा पहिल्यापासून लावली. बिभीषण काउंटरला टेकून उभा राहिला. सूर लागायच्या आधी वाजवणाऱ्यानं श्वास घेतला तो त्याला ऐकू आला. मागं बसलेला कुणीतरी सूर धरून होता तोही वेगळा कळला, आणि तो किती मागं बसलाय हेही कळलं.

त्यानं हेडफोन काढला आणि म्हणाला, "हा माणूस श्वास घेतोय."

रिझवान हसला. "हौ. वहीच तो सुनने का है, भाऊ."

तिथून त्यांची ओळख वाढली. दर रविवारी नाही, पण महिन्यातून एखाद्या रविवारी बिभीषण दुकानात यायचा, स्टुलावर बसायचा, ऐकायचा. रिझवानला गिऱ्हाइकाशी बोलायचा कंटाळा होता, पण याच्याशी तो बोलायचा. दोन-तीन महिन्यांनी बिभीषणनं त्याच्याकडून एक प्लेअर घेतला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, धातूचा, जड. रिझवाननं त्यात वडिलांच्या कॅसेटींमधलं भरपूर भरून दिलं. हेडफोन मात्र त्याच्याकडं साधाच होता, मोबाइलबरोबर आलेला.

"गाडी घेतली आन् चाकं बैलगाडीची लावली तुम्ही," रिझवान म्हणायचा.

बिभीषणला ते पटत होतं. दिवाळीच्या बोनसमधले उरलेले पैसे त्यानं चांगल्या हेडफोनसाठी बाजूला ठेवले आणि मध्येच उन्हाळा आला.

तो दोन हजार तेराचा उन्हाळा. हर्सूलच्या तलावाचा तळ उघडा पडला होता. चितेगावच्या वस्तीत टँकर यायचा तो कधी येईल याचा नेम नव्हता. आला की घरोघरची पिंपं रस्त्यावर रांगेनं लागायची आणि ज्याच्याकडं साठवायला जागा नाही त्यानं बघत बसायचं. रत्नमालानं मोठ्या प्लास्टिकच्या टाकीचा हट्ट धरला. बिभीषण म्हणाला, पावसाळा तोंडावर आलाय, आता टाकी कशाला. ती म्हणाली, "पावसाळा गेल्या सालीबी तोंडावर आला होता." तिचं म्हणणं खरं होतं. भांडण झालं, आठवडाभर अबोला झाला, आणि हेडफोनसाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून टाकी आली. टाकी कामालाही आली. त्यानंतरचे उन्हाळे काही सोपे गेले नाहीत.

हेडफोन दीड-एक वर्ष मागं पडला. पण निवड आधीच झाली होती. टाकी यायच्या आधी, मार्चमधल्या एका दुपारी, रिझवाननं कपाटातले सगळे हेडफोन काउंटरवर काढून ठेवले होते आणि एकेक त्याला लावून दाखवला होता.

कानाच्या आत जाणारे बिभीषणनं लगेच बाजूला सारले. कंपनीत आवाज अडवायला इअरप्लग देतात, तसलंच काहीतरी कानात कोंबल्यासारखं वाटतं, म्हणाला. एक मोठा, मऊ गादीचा हेडफोन त्याला फार आवडला, पण तो या प्लेअरवर अगदी क्षीण वाजत होता.

"ये भूका है," रिझवाननं समजावलं. "इसको ताकद लगती है. घरी मोठा अँप्लिफायर असंल तर ठीक. तुमचा प्लेअर लहान जीव आहे, त्याच्यानं हा ओढवत नाही. हेडफोन कितीही भारी असो, जोडी जमली पाहिजे."

मग राहिले दोन प्रकार. एकाची पाठ बंद होती. तो लावला की बाहेरचं जग तुटायचं आणि आवाज डोक्याच्या आत बसायचा. दुसऱ्याची पाठ जाळीची, उघडी. त्यातून बाहेरचा रस्ता आत यायचा आणि आतलं गाणं बाहेर जायचं. पण त्यात वाजवणारी माणसं मोकळ्यावर बसल्यासारखी वाटायची, एक इथं, एक तिकडं लांब. बिभीषणनं तो पुन्हा पुन्हा लावून पाहिला. डोंगराच्या उतारावर मेंढरं पांगली की डोळे मिटूनसुद्धा कोणतं कुठं आहे ते कळायचं, तसं यात कळतंय, असं त्यानं रिझवानला सांगितलं. रिझवानला मेंढरांचं काही ठाऊक नव्हतं, पण त्यानं मान डोलावली.

"घेईन तर हाच," बिभीषण म्हणाला.

मधल्या काळात कारखाना वाढला. पैठण रोडच्या दोन्ही बाजूंना प्लॉट पडत होते, बिडकीनकडं मोठी औद्योगिक वसाहत येणार म्हणून जमिनींची मोजणी चालली होती, आणि कारखान्याला कामं मिळत होती. प्रेसशॉपमध्ये एक मोठी प्रेस आली. ती बिभीषणच्या डाव्या हाताला बसवली. डबल पाळ्या सुरू झाल्या. बिभीषण आता सेटर झाला होता, डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बसवून मशीन लावून देण्याचं काम त्याच्याकडं होतं. पगार बरा झाला. इअरप्लग खिशात असायचे. कानात घातले तर डाय नीट बसल्याचा आवाज कळत नाही, असं सगळेच म्हणायचे आणि कुणीच घालत नसे.

दोन हजार चौदाच्या दिवाळीनंतर रिझवाननं मुंबईहून तो जाळीचा हेडफोन मागवून दिला. बिभीषण खोका छातीशी धरून शहरबसनं घरी आला. जेवण उरकून, रत्नमाला शेजारी गेली असताना, त्यानं तो लावला आणि तीच सनई काढली.

सनई उजवीकडं सरकली होती.

त्यानं हेडफोन नीट बसवला. वायर काढून पुन्हा जोडली. दुसरं काही लावून पाहिलं. तबला, गाणारी बाई, सारंगी, सगळीच माणसं उठून उजव्या भिंतीला टेकून बसल्यासारखी. डाव्या बाजूला आवाज होता, पण गोधडीखालून आल्यासारखा. श्वास तर कुठंच नव्हता.

पुढच्या रविवारी तो दुकानात गेला. रिझवाननं हेडफोन लावला, डोळे मिटून ऐकला, काढला.

"बराबर है."

"डावी बाजू कमी आहे."

"नै, भाऊ. एकदम बीचमें है."

"मला कमी येतंय, रिझवानभाई. मी पैसे मोजून घेतलाय."

रिझवाननं वाद घातला नाही. मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन करून नग बदलून मागवला. जाण्यायेण्यात संक्रांत उजाडली. दुसरा नग आला तोही बिभीषणला तसाच लागला, थेट उजवीकडं कललेला.

त्या दिवशी दुकानात गर्दी होती. बिभीषणनं खोका काउंटरवर ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दाखवला तो माल वेगळा आन् दिला तो वेगळा. दोन नंबरचा माल आहे हा. मी मेंढरं राखणाऱ्याचा पोरगा असलो तरी मला कान आहेत."

 गिऱ्हाइकांतला एक जण हातातला चार्जर उलटसुलट करून बघायला लागला.  रिझवाननं गल्ल्यातून पैसे काढले, कमी पडले ते शेजारच्या दुकानातून आणले, आणि काउंटरवर ठेवले.

"लो. गिनो मत, पूरे है. आणि आता इथं येऊ नका."

बिभीषण पैसे घेऊन निघाला. तो मनातून खूश नव्हता, पण आपण फसलो नाही याचं समाधान त्याला होतं.

काही आठवडे त्यानं प्लेअरला हात लावला नाही. मग करमेना म्हणून सिडकोतल्या एका मोठ्या दुकानातून दुसऱ्या कंपनीचा, बेताचा हेडफोन आणला. रविवारची दुपार होती. तो पलंगावर भिंतीला टेकून बसला होता, आणि त्याच्या डाव्या बाजूला खाली रत्नमाला मेथी निवडत होती. त्यानं हेडफोन लावला, थोडं ऐकलं आणि काढून आदळला.

"ह्योबी तसलाच निघाला."

"आणा इकडं, बघू," रत्नमाला म्हणाली. तिनं हात पदराला पुसून हेडफोन लावला. थोडा वेळ ऐकलं. "मला तर मधीच येतंय. हितं, कपाळात."

"उजवीकडं नाय वाटत?"

"नाय बा."

तिनं हेडफोन परत दिला. त्यानं तो न बघताच घातला. पुन्हा आवाज उजवीकडं. मग वायर लागली ती नेहमीच्या बाजूला नाही हे त्याच्या लक्षात आलं. हेडफोन उलटा घातला गेला होता. डावीकडची बाजू उजव्या कानावर होती. तरीही आवाज उजवीकडंच होता. त्यानं तो काढला, सुलटा घातला. उजवीकडं. पुन्हा उलटा केला. उजवीकडंच.

तो तसाच बसून राहिला. रत्नमाला काहीतरी बोलत होती. तो काही बोलेना तेव्हा ती उठून त्याच्या समोर आली आणि तिनं हेडफोन ओढून काढला.

"ह्ये असं बगा. मी डाव्या अंगानं बोलले की तुम्ही वळूनसुदिक बगत नाय."

"मला ऐकू नाय आलं."

"आज कानावर ह्ये होतं, म्हणून. रोजचं काय? मी चुलीपाशी बसून बोलते, तुम्ही हूं का चूं करत नाय. टाकीच्या भांडणापासून चाललंय. मला वाटलं, ह्यांनी मनात धरलं."

"टाकीचं मी कवाच विसरलो."

"मग बोलत का नवते?"

बिभीषणनं डाव्या कानापाशी बोटं चोळली. एकदा, पुन्हा एकदा. मग उजव्या कानापाशी चोळली. "मला ऐकू नाय आलं, रत्ना," तो पुन्हा म्हणाला. या वेळी तिला ते समजलं. ती मेथीची परात तशीच ठेवून त्याच्याजवळ पलंगावर बसली, उजव्या बाजूला.  पुढं कधीतरी तिनं शेजारणीला सांगितलं की नवरा बहिरा होतोय हे कळल्याचं तिला वाईट वाटलं, पण तो रुसलेला नव्हता हे कळून बरंही वाटलं, आणि दोन्ही एकदमच वाटलं.

बिभीषणला मात्र त्या क्षणी कानाच्याही आधी रिझवान आठवला होता.

सुट्टी टाकून तो घाटीत गेला. घाटी म्हणजे शहरातला मोठा सरकारी दवाखाना. कानाच्या विभागात त्याला एका पेटीएवढ्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला आणि हातात बटण दिलं. आवाज आला की बटण दाबायचं. काचेपलीकडं तपासणारी मुलगी मशीनवर बसली होती. उजव्या कानाला बारीक बारीक टिंग ऐकू येत गेले, तो बटण दाबत गेला. मग डाव्या कानाची पाळी आली. सुरुवातीचे जाड आवाज आले. नंतर काही येईना. काचेतून त्याला दिसत होतं, मुलगी मशीनवर बोट दाबतेय, वर त्याच्याकडं पाहतेय, पुन्हा दाबतेय. तिच्या बोटाकडं बघून बटण दाबावं असं त्याच्या मनात आलं. त्यानं मान खाली घातली आणि मांडीवरच्या हाताकडं पाहत बसला.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी कागदावरच्या दोन रेघा दाखवल्या. उजव्या कानाची जरा खालीवर होत सरळ गेली होती. डाव्याची अर्ध्यातून खाली उतरली होती.

"प्रेसवर काम करता? आवाज डाव्या बाजूनं येतो का?"

"व्हय. मोठी प्रेस डाव्या अंगाला आहे."

"कानात काही घालत नाही?"

"कंपनी देती. आमच्या खिशात असतं."

डॉक्टर रागावल्या नाहीत. असं रोज ऐकत असाव्यात. "जे गेलं ते परत यायचं नाही," त्यांनी सांगितलं. "आहे ते सांभाळायचं. आवाजापासून लांब राहा. उजव्यालाही सुरुवात होतेय."

बिभीषणनं जरा थांबून विचारलं, "गाणी ऐकायची बंद करू का? हेडफोननं ऐकतो मी."

"ऐका. पण बारीक आवाजात. बाहेरचा गलका आत येत असेल तर माणूस नकळत आवाज वाढवतो, त्यानं नुकसान होतं. शांत जागी ऐका आणि मध्ये मध्ये कानाला विसावा द्या."

कारखान्यात त्यानं कागद साहेबराव सुपरवायझरपुढं ठेवला आणि स्टोअरला बदली मागितली. साहेबरावांनी कागद वाचला, त्यांना त्या रेघा कळल्या नाहीत.

"सेटर माणूस तू. स्टोअरला नट-बोल्ट देत बसणार? तिकडं ओव्हरटाइम नसतो बरं."

"माहितीये."

"पोरं हसतील."

"हसू द्या."

पोरं हसली. गाणी ऐकायला कान राखून ठेवतोय, असं म्हणाली. जेवणाच्या सुट्टीत कुणी मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूनं हळू आवाजात काहीबाही बोलून बघायचं आणि तो वळला नाही की हशा व्हायचा. त्याला स्टोअरमध्ये रुळायला वेळ लागला. प्रेसशॉपमध्ये त्याच्या हाताला मान होता, इथं तो मागेल ते काढून देणारा माणूस होता. घरात पैसा कमी आला. रत्नमालानं वस्तीतल्या एका शिलाईच्या कारखान्यात काम धरलं.

रिझवानकडं जायला त्यानं वेळ लावला. दोनदा पैठण गेटपर्यंत जाऊन तो परत आला. तिसऱ्यांदा बोळात शिरला. दुकानात गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत थांबावं असं त्याला वाटलं, मग ते बरोबर नाही असंही वाटलं. तो काउंटरपाशी गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "रिझवानभाई, तुमचा माल चांगला होता. माझा कान गेलाय. मी ह्याच जाग्यावर उभा राहून तुम्हाला नको ते बोललो होतो."

रिझवान एका मोबाइलच्या काचेवर कागद चिकटवत होता. त्यानं मान वर केली नाही. कागदाखालचा हवेचा बुडबुडा अंगठ्यानं कडेला नेला, बाहेर काढला, मोबाइल पुसून गिऱ्हाइकाला दिला. मग म्हणाला, "बैठो."

बिभीषण स्टुलावर बसला. गिऱ्हाइकं गेल्यावर रिझवाननं चहा सांगितला.

"कौनसा कान?"

"डावा. प्रेसनं."

रिझवाननं 'च्च' केलं.  चहा संपवून पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "तुम्ही बोललात त्याचं वाईट वाटलं ते वाटलंच. आपको कान का मालूम नै था, मेरेकू मालूम है. लेकिन उस दिन जो लोग खडे थे, उन में से कितने फिर आयेच नै. अब्बांच्या टायमापासून येणारा एक जण होता त्यात."

"त्यांना मी जाऊन सांगू?"

"नक्को. कशाला? तुम्ही किती जणांना सांगणार?"

ते तेवढ्यावरच राहिलं. रिझवान पुढंही हा विषय निघाला की उठून कपाट आवरायला लागायचा. पण त्या दिवशी निघताना त्यानं विचारलं, "प्लेअर आहे का विकला?"

"आहे."

"पुढच्या वेळी घेऊन या."

पुढच्या वेळी म्हणजे पावसाळ्यात, जो पुन्हा कोरडाच चालला होता. दुकानात दुपारी कुणी नव्हतं. रिझवाननं पुन्हा सगळे हेडफोन काउंटरवर काढले. जाळीचा नव्हता, तो गारखेड्याच्या एका दातांच्या डॉक्टरनं नेला होता. बिभीषणनंही त्याची चौकशी केली नाही. बाहेरचा आवाज आत येणारा हेडफोन आता कामाचा नव्हता. बंद पाठीचाच घ्यावा लागणार होता.

रिझवाननं आधी प्लेअरमध्ये एक सेटिंग काढलं. त्यात डावा-उजवा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता येत होता.

"डावा वाढवतो."

"डावा वाढवायचा नाय. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. उजवा कमी करा."

रिझवाननं उजवा हळूहळू उतरवत नेला. बिभीषण बोट वर धरून बसला होता. एका ठिकाणी त्यानं बोट खाली केलं. गाणारी बाई मध्यभागी आली होती. आवाज एकूण बारीक झाला, पण ती समोर होती.

मग हेडफोनांची पाळी. रिझवानच्या मते त्या सगळ्यांत एक जपानी बनावटीचा फार उत्तम होता, मऊ, भरीव, खालचे सूर गोल वाजणारा. दुकानात येणाऱ्या जाणकारांना तो तोच दाखवायचा. त्यानं तो मोठ्या विश्वासानं बिभीषणच्या डोक्यावर ठेवला. बिभीषणनं ऐकला, मान हलवली.

"गोधडीखाली गेल्यासारखं येतंय."

"ये? अरे भाऊ, ये तो मख्खन है."

"तुम्हाला असंल. मला डावीकडचं वरचं काहीच येत नाय."

दुसरा, तिसरा झाला. शेवटी एक उरला, तो रिझवाननं स्वतः कधी कुणाला सुचवला नव्हता. स्टुडिओत काम करणारे लोक वापरतात तसला, दिसायला ओबडधोबड, वरचे सूर फार उघडे करणारा. बिभीषणनं तो लावला आणि सनई सुरू केली. तो ऐकत राहिला. रिझवाननं खांद्याला हात लावून कसं वाटतंय म्हणून विचारलं. बिभीषणनं डोळे न उघडता हात वर करून त्याला थांबवलं. सनई संपल्यावर त्यानं हेडफोन काढला.

"ह्यात येतोय."

"क्या?"

"श्वास. उजव्या अंगानं चांगला येतोय. डाव्या अंगानं थोडा."

रिझवाननं तो स्वतःच्या कानांवर चढवला आणि लगेच तोंड वाकडं केलं. "ये तो पतरे जैसा बजता है, यार. कानाला टोचतंय. मी हा आयुष्यात घेणार नाही."

"तुम्ही नका घेऊ. मी घेतो."

"सोच लो. पुन्हा म्हणाल, रिझवाननं वाईट माल दिला."

बिभीषणला पहिल्यांदा हसू आलं. "ह्या टायमाला मी निवडलाय. तुमच्यावर बोल नाय."

रिझवाननं खोका बांधून दिला. तरी त्याला ते काही पटलं नव्हतं. गिऱ्हाइकानं आपल्या दुकानातून सगळ्यांत कमी आवडणारी वस्तू आनंदानं न्यावी, हे त्याला पुढं बरेच दिवस खटकत राहिलं. दोघांमध्ये त्यावरून गमतीनं वाद होत.

पुढचा उन्हाळा, दोन हजार सोळाचा, आधीच्यांपेक्षा कडक गेला. त्यानंतर पाऊस झाला. पैठण रोडच्या कडेनं इमारती उठत गेल्या, आणि बिभीषण-रत्नमालानं नक्षत्रवाडीला दोन खोल्यांची जागा घेतली, रस्त्यापासून जरा आत. सांडू एकदा येऊन राहून गेले. बिभीषणनं त्यांना हेडफोन लावून दिला. ते थोडा वेळ ऐकून म्हणाले, "चांगलं आहे, पण ह्यात माणूस एकटाच ऐकतो," आणि काढून ठेवला. 

तो दर वर्षी घाटीत जाऊन कान तपासून घेतो. डावा आणखी उतरलेला नाही. उजवा थोडा उतरला, मग थांबला. रत्नमाला घरात कुठूनही आली तरी उजव्या बाजूनं बोलते. तिची ती सवय इतकी पक्की झाली की इतर माणसांशीही ती तशीच उभी राहते.

अलीकडं प्रेसशॉपमधला हनुमान म्हणून एक सेटर स्टोअरच्या खिडकीशी आला. बिभीषणनं सोडलेल्या जागी तो कामाला होता. त्याला बायकोच्या भावानं प्लेअर पाठवला होता, आणि गाण्यातलं कळणारा म्हणून लोकांनी बिभीषणचं नाव सांगितलं होतं.

"बिभीषणभाऊ, हेडफोन कोणता घेऊ? तुमचा भारीचा आहे म्हणत्यात. तोच सांगा, घेऊन टाकतो."

"माझा नको घेऊ. तुला टोचंल तो," बिभीषण म्हणाला. "कानात प्लग घालतो का?"

हनुमाननं खिशावर हात मारला.

"मंग आधी घाटीत चल. हेडफोनचं मागून बघू."

हनुमान हसला, उगाच कशाला म्हणाला. पण मंगळवारी दोघांचीही सुट्टी होती. बिभीषण सकाळी मोटारसायकल घेऊन त्याच्या दारात जाऊन उभा राहिला, आणि हनुमानला मागं बसावंच लागलं.